नाना फळणवीस

कुणाला गादी घ्यायची असली तर तो दुकानात जातो, दोन-तीन गाद्यांवर बसून उसळून बघतो, भाव उतरतोय का ते चाचपतो आणि घेऊन येतो. नाना आधी पाठीच्या मणक्यांचा अभ्यास करतात. त्यांना शेगडी घ्यायची होती तेव्हा ज्योत निळी का असते हे आमच्या अख्ख्या मंडळाला कळलं. पाण्याचा फिल्टर घ्यायचा होता त्या वर्षी कोजागरीला मसाला दूध बाजूला राहिलं आणि रात्रभर पाण्यातल्या क्षारांवर चर्चा झाली. वस्तू एकदा घरात आली की मात्र नानांचं तिच्यावरचं मन उडतं. जिच्यासाठी त्यांनी तीन राज्यांतले डीलर पालथे घातले ती मिनीव्हॅन आज दारात धूळ खात उभी असते आणि तिचं ऑइल बदलायची आठवण वहिनींना करावी लागते.

न्यू जर्सीत मराठी वस्ती असलेल्या गावागावांत असा एखादा नाना निघतोच. आमचे नाना एडिसनचे. मूळचे वाईचे, पोटापाण्यासाठी एका विमा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतात. घरापासून दहा मिनिटांवर ओक ट्री रोड, जिथे कढीपत्त्यापासून कांजीवरमपर्यंत सगळं मिळतं, एक ओक सोडून. ‘नाना’ ते जन्मापासून आहेत. ‘फळणवीस’ मंडळाने केलं. गणपतीच्या नाटकाच्या तालमीत कुणाच्या तरी तोंडून निघालं आणि चिकटलं. मूळ नानांचा मेणवलीचा वाडा वाईपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ह्या नानांना ते मनातून आवडलंही. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी नाना फडणवीस हे अर्धे. अक्कल पुरेपूर, पण तलवारीचं अंग नाही म्हणून अर्धे. आमच्या नानांचंही तेच. माहिती पुरेपूर, खरेदी नाही.

फळ्यांचं प्रकरण सुरू झालं ते कार्पेटवरून. नानांचं घर १९५८ सालचं. भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, आधीच्या मालकाने घातलेलं, मूळ रंग कोणता होता यावर आता मतभेद आहेत. वहिनी म्हणाल्या, “हे काढून टाकू आणि लाकूड घालू. फिकट हवं, पण जरा मळखाऊ.” एवढीच अट. त्यांच्या मते विषय शनिवारी दुपारच्या चहापर्यंत मिटायला हरकत नव्हती. वहिनी माहेरच्या ओक. त्यांना बघायला गेले तेव्हा नानांनी पोह्यांची बशी संपायच्या आत होकार दिला होता. ह्या दुसऱ्या ओकपायी पोह्यांची किती पोती संपली त्याचा हिशेब वहिनींनी ठेवलेला नाही.

व्हाइट ओक घ्यायचं हे पहिल्याच आठवड्यात ठरलं. रेड ओक बाद. त्या काळात ‘रेड ओक’ हे शब्द नाना आवाज खाली आणून उच्चारत. “त्यावर कुठलाही रंग चढवा, आतून गुलाबी डोकावतोच,” असं ते सांगत, आणि ऐकणाऱ्याला आपल्या घरात काही गुलाबी आहे का याची उगाच धास्ती वाटे.

पण व्हाइट ओक ठरलं म्हणजे काहीच ठरलं नाही, हे आम्हाला दुसऱ्या आठवड्यात कळलं. ओंडका कापायचा कसा? सरळ आडवे काप घेत गेलं की फळीवर रेषांच्या कमानी उठतात, ती प्लेन सॉन. ओंडक्याचे आधी चार भाग करून मग अशा बेताने कापलं की खोडातली वर्तुळं फळीत उभी राहतील, तर ती क्वार्टर सॉन. तिच्यावर रेषा सरळ येतात आणि त्यांना आडवे चकाकणारे चट्टेही दिसतात. चट्टे नकोत, नुसत्या सरळ रेषा हव्यात, तर रिफ्ट. शेवटच्या दोन्हींत लाकूड फार वाया जातं म्हणून भाव चढा. हे सगळं नानांनी ओट्यापाशी उभं राहून एका गाजरावर करून दाखवलं. त्या रात्रीच्या कोशिंबिरीत गाजर तीन प्रकारे चिरलेलं होतं आणि रिफ्ट कुठलं ते ओळखल्याशिवाय कुणाला वाढलं जात नव्हतं.

पुढे रुंदी आली. मग जाडी. अख्खी पाऊण इंची फळी, की प्लायवुडवर ओकचा थर चढवलेली, आणि थर असला तर तो दोन मिलिमीटरचा की चारचा. मग प्रत. क्लिअर, सिलेक्ट, नंबर वन कॉमन, नंबर टू कॉमन. ज्या फळीत गाठी आणि काळपट डाग जास्त ती खालच्या प्रतीची, पण शोरूममध्ये तिलाच ‘कॅरेक्टर’ आहे असं म्हणतात. नानांना हे फार लागलं. “आपल्याकडे स्थळ सांगताना करतात तोच प्रकार,” म्हणाले.

शोरूमवाले नमुन्याचे तुकडे फुकट देतात. ते नानांना भेटण्याआधीचं धोरण असावं. दिवाणखान्यात इतके तुकडे साठले की एकमेकांना जोडले असते तर एक खोली झाली असती, असं वहिनींनी बोलूनही दाखवलं. पण तुकडे त्यासाठी नव्हतेच. ते खिडकीखाली ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकावर चिठ्ठी: ‘सकाळ ९’, ‘दुपार ३’, ‘दिवा पिवळा’, ‘दिवा पांढरा’. पाहुण्याने आत आल्यावर उजव्या भिंतीच्या कडेकडेने चालायचं असा शिरस्ता पडला. स्टेनची नावं घरात सगळ्यांना पाठ झाली. जॅकोबियन, प्रोव्हिन्शियल, वेदर्ड ओक, अर्ली अमेरिकन. ‘अर्ली अमेरिकन’ म्हणजे मध्यम तपकिरी, असं धाकटीने शाळेत इतिहासाच्या पेपरात लिहिलं ही मंडळातली अफवा आहे. नानांनी ती अजून नाकारलेली नाही.

एका तुकड्यावर त्यांनी पेन्सिलीने चौकोन आखले होते. हळदीचं पाणी, फोडणीचं तेल, चहा, आमटी, कोकमाचं आगळ, लोणच्याचा खार, एकेका चौकोनात एकेक थेंब आणि खाली वेळ. शेवटच्या चौकोनात लोखंडी उलथन्याचं टोक ओलं करून रात्रभर टेकवून ठेवलेलं. सकाळी तिथे असा काळाकुट्ट डाग पडला की घासूनही हलेना. “टॅनिन!” नाना म्हणाले. चेहरा खुललेला. ओकमध्ये टॅनिन भरपूर, त्याची ओल्या लोखंडाशी गाठ पडली की काळं होणारच, पूर्वी ओकवरच्या गाठी आणि लोहक्षार यांपासून शाईच करत असत. डाग पडल्याचं दुःख कुठेच नाही, नियमाने पडला याचं समाधान. हळदीचा चौकोन मात्र त्यांनी अंगठ्याखाली झाकला होता. वहिनींनी तो आम्हाला नंतर दाखवला. पिवळाधमक.

एकदा त्यांच्याकडे श्रीखंड-पुरीचं जेवण होतं. पहिली पुरी फुगते न फुगते तोच नानांनी दोन वीतभर पट्ट्या आणि साबणाच्या पाण्याचा एक पेला आणला. रेड ओकच्या पट्टीचं एक टोक पाण्यात बुडवलं, दुसरं तोंडात धरलं आणि फुंकर मारली. पाण्यात बुडबुडे. खरोखर बुडबुडे, लाकडातून आरपार. मग व्हाइट ओकची पट्टी. नानांचे गाल फुगले, मानेच्या शिरा उभ्या राहिल्या, पाणी मात्र ढिम्म. “आता तुम्ही.” पट्टी पंगतीतून फिरली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या एका काकांना वहिनींनी वेळेवर आवरलं. रेड ओकच्या नळ्या उघड्या असतात, व्हाइट ओकचं झाड आपल्या नळ्यांना आतून स्वतःच बुचं मारतं, असं शास्त्र. “म्हणून तर व्हिस्कीची पिंपं ह्याची! अमेरिकेत बर्बन म्हणवून घ्यायचं तर दारू ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवावी लागते, कायदाच आहे. रेड ओकची पिंपं केली असती तर केंटकी गळून गेलं असतं.” हे सांगणाऱ्या माणसाने आयुष्यात कोकम सरबतापेक्षा कडक काही घेतलेलं नाही.

पिंपांनंतर युद्धनौका. बोस्टनला १७९७ साली पाण्यात उतरवलेली ‘कॉन्स्टिट्यूशन’, आतला सांगाडा लाइव्ह ओकचा आणि दोन्ही अंगांना व्हाइट ओकच्या फळ्या. १८१२च्या लढाईत इंग्रजांचे तोफगोळे तिच्यावर आपटून परत फिरले आणि लोक तिला लोखंडी म्हणायला लागले. युद्धनौकेनंतर बास्किंग रिज. एडिसनहून अर्ध्या-पाऊण तासावरच्या त्या गावात, प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात, सुमारे सहाशे वर्षांचा व्हाइट ओक होता. तो वाळला आणि २०१७ साली उतरवावा लागला, हे नाना घरातलं कुणी गेल्यासारखं सांगत. श्रीखंडाची वाटी हातात धरून दोन मिनिटं गप्प बसायचं, एवढंच आपल्या हाती.

मे महिन्यात वाईहून नानांच्या आई आल्या. त्यांच्या आयुष्यात जमिनी दोनच झाल्या, आधी सारवायची आणि नंतर शहाबादी.

“लाकडाची जमीन पुसायची कशानं रे?”

“पुसायची नाही, आई. ओलं फडकं चालत नाही. कोरडं मऊ कापड नुसतं फिरवायचं.”

“म्हणजे झाडायची.”

“हो, पण मऊ झाडूनं.”

“ते कळलं. पुसायची कधी?”

नानांनी विषय बदलून जान्काचा तक्ता काढला. लाकूड किती कठीण ते मोजायची ही रीत. ०.४४४ इंच व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती पौंड जोर लागतो ते बघायचं. व्हाइट ओक १३६०, रेड ओक १२९०. “आणि आपलं सागवान हजार-अकराशेच्या घरात,” असं म्हणून नाना थांबले. आईंनी तक्ता चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि परत दिला. “आपल्या माजघरातला झोपाळा सागवानी आहे. त्यावर तुझे आजोबा बसले, वडील बसले, तू बसलास. गोळी रुतवायला कुणी आलं नाही.”

दरम्यान कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला होता. पोलंडचा म्हातारा, हाताची बोटं लाकडाच्या भुशाने कायमची कोरडी पडलेली. खोल्या मोजून झाल्यावर त्याने विचारलं, कुठली फळी? नानांनी त्याला बसवलं आणि चहा दिला. दोन तासांनी तो उठला तेव्हा फिनिशचा विषय निम्म्यावर आला होता. तेलाचं पॉलियुरेथेन वर्षागणिक पिवळं पडतं, पाण्याचं पडत नाही, मेणतेल लावलं तर खरवडलेली जागा तेवढ्यापुरती दुरुस्त करता येते, आणि हे तिन्ही नानांना एकाच वेळी पटत होते. म्हाताऱ्याने जाताना कार्ड काढलं आणि त्यावरचा स्वतःचा नंबर खोडून दुसरा लिहिला. “तुमचं ठरलं की मुलाला फोन करा. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय.”

आणि आम्ही? नानांच्या घरी जेवून जेवून आम्ही त्या लाकडाच्या असे भजनी लागलो की एका शनिवारी बायको म्हणाली, आपणच घेऊन टाकू. पाच इंची, सिलेक्ट, रिफ्ट आणि क्वार्टर मिसळ, पाण्याचं मॅट फिनिश. शब्दन् शब्द नानांचा. शोरूममध्ये तासभर लागला, त्यातही अर्धा वेळ कार्डाचं यंत्र चालत नव्हतं. नानांना सांगितलं तेव्हा ते आमच्याकडे बघतच राहिले. “ऑर्डर… दिलीत?” कॉलेजच्या अभ्यासमंडळातल्या दोघांनी परस्पर पळून जाऊन लग्न केल्यावर उरलेल्याने विचारावं तशा आवाजात त्यांनी ते विचारलं. पण मनाचा मोठेपणा असा की खोकी आली त्या संध्याकाळी ओलावा मोजायचं यंत्र घेऊन तेच पहिले हजर. खोकी फोडून ठेवा, घराची हवा लागू द्या, लाकडात सहा ते नऊ टक्के ओलावा हवा, फळी आणि खालचं प्लायवुड यांच्यात दोन टक्क्यांहून जास्त फरक असला तर खिळा मारू द्यायचा नाही. रोज ऑफिसातून परतताना ते आकडा घेऊन जात. आकडा जमला त्या दिवशी जरा हिरमुसले.

मग गणपती आले. नानांचं देवघर म्हणजे दिवाणखान्यातलं कोट टांगायचं कपाट. दांडी काढून देव मांडलेले. आई साफसफाईला बसल्या. “देवाखाली हे लोकरीचं कशाला? कुंकू सांडतं ते निघत नाही.” असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, तेच ते, टॅनिनवालं, आणि कपाटाच्या कोपऱ्यातलं कार्पेट उचकटलं. खाली भुगा झालेला फोम. फोमखाली फळ्या.

“नाना,” त्यांनी हाक मारली, “इथे आहेत की रे.”

नाना टॉर्च घेऊन आले आणि देवांसमोर पालथे झाले. लांबून कुणाला वाटावं साष्टांग नमस्कार चाललाय. सव्वादोन इंची पट्ट्या, एकीला एक चिकटून, वर मधासारखी जुनी झिलई, एकही फट नाही. त्यांनी बोट थुंकीने ओलं करून एका पट्टीच्या टोकावर फिरवलं आणि भिंग लावून पाहिलं. बराच वेळ. वहिनी मागे उभ्या होत्या.

“रेड,” नाना म्हणाले.

म्हाताऱ्याचा मुलगा आला. त्याने प्रत्येक खोलीचा एकेक कोपरा वर केला. सगळीकडे तेच. “अठ्ठावन्न सालचं घर,” तो म्हणाला. “ह्या गल्लीत सगळ्यांकडे आहे. बाबांना वाटलं तुम्हाला माहीत असेल.” वहिनी त्याच्यासमोर हसल्या नाहीत. हसायला त्या आत गेल्या, आणि बाहेर आल्या त्या कामाची तारीख ठरवूनच. कार्पेट उपटायचं, खालच्या पट्टीला लागलेले खिळे काढायचे, मशीनने घासायचं, वर तीन हात फिनिश. आठवड्याभरात मोकळे. फिनिश कुठलं हेही वहिनींनीच सांगितलं. त्या मुलाच्या व्हॅनमध्ये जो डबा होता, तो.

दोन आठवडे नाना मंडळात फिरकले नाहीत. आम्हाला काळजी वाटली. मग एका रविवारी आरतीनंतर ते आले, हातात प्रसादाचा मोदक, आणि म्हणाले, “न्यू जर्सीचा राज्यवृक्ष कोणता, आहे कल्पना?” कुणालाच नव्हती. “रेड ओक. १९५० पासून. आपण इथले रहिवासी. इथल्या मातीचं लाकूड इथल्या घरात, यात एक न्याय आहे.” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गुलाबी छटेचं काय झालं? “ऊब आहे ती. व्हाइट ओक फार करडं, दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.” उघड्या नळ्या? “श्वास घेतं लाकूड. त्यावर स्टेनही कसा मुरतो बघा.” १३६० आणि १२९०? “सत्तर पौंडांचा फरक! घरात गोळी कोण रुतवतंय?” आईंनी मान डोलावली. त्यांचा झोपाळा ह्या मुद्द्यात बिनशर्त सामील झाला होता. शेवटी कुणीतरी धीर करून बास्किंग रिजच्या झाडाची आठवण दिली. “सहाशे वर्षांचं, मान्य,” नाना म्हणाले. “पण वाळलंच ना?”

त्यांच्या आवाजातली खात्री जराही कमी झालेली नव्हती, हे मला सगळ्यात विशेष वाटलं. मत बदललं की माणूस थोडा अडखळतो, जुनं बोलणं आठवून चाचरतो. नानांचं तसं नाही. त्यांची खात्री आधीच तयार असते, तिच्यावर लाकूड कुठलं चढवायचं एवढाच प्रश्न.

दिवाळीच्या आधी आमची जमीन पुरी झाली आणि आम्ही सत्यनारायण घातला. नाना सहकुटुंब आले, आईही आल्या. दारात बूट काढून नाना मोज्यांनी आत शिरले. पाच इंची फळ्या संध्याकाळच्या उन्हात सरळ रेषांनी पार खिडकीपर्यंत गेलेल्या. बायको प्रसादाचं ताट घेऊन उभी होती, पण लक्ष तिचं नानांच्या पायांकडे. ते खोलीच्या मध्यभागी गेले, उकिडवे बसले, तळहात फिरवला, उजेडाकडे डोळा लावून फळीच्या कडेकडेने पाहिलं.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “घट्ट असतं हे लाकूड. पिंपाला उत्तम.”

कुणी काही बोललं नाही. नाना उठले, पँट झटकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून, अगदी घरचा माणूस म्हणून विचारतोय अशा तऱ्हेने म्हणाले, “एक सांगा. घालायच्या आधी कार्पेटखाली नीट बघितलं होतंत ना?”

“नाना,” आई पाटावरून म्हणाल्या, “शिरा खा. गार होतोय.”